आंजीची शांतता

माझ्याबद्दलची एक गोष्ट आमच्या वर्धा जिल्ह्यात बरीच वर्षं फिरते आहे. ती ऐकून ऐकून माझे कान किटले. शाळेचं स्नेहसंमेलन असो, वाचनालयाचा वर्धापनदिन असो, नाहीतर कुणाच्या पुस्तकाचं प्रकाशन. सूत्रसंचालन करणारा माझी ओळख करून देताना जरा थांबतो, आवाज खाली आणतो, की मी समजतो, आता आंजी येणार.

गोष्ट अशी. सरांनी आंजी मोठी या गावच्या शाळेत एक इराणी सिनेमा दाखवला. एका लहान मुलीचा. भाषा फारसी, पडद्याखालच्या ओळी इंग्रजीत, आणि समोर बसलेलं गाव शेतकऱ्यांचं, मजुरांचं. पण सरांनी माईक हातात घेतला, सगळा सिनेमा वऱ्हाडीत सांगितला, आणि तो संपला तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये अशी शांतता पसरली की बस. गाव निःशब्द झालं. इथे टाळ्या पडतात.

या गोष्टीतली शाळा खरी आहे, सिनेमा खरा आहे, शांतताही खरी आहे. बाकी सगळं चूक. आणि ते मी आजवर चालू दिलं. ज्या मित्राला खरं माहीत होतं तो वारला. माझ्या बायकोला माहीत आहे, पण तिला विचारायला कुणी येत नाही. राहिली माझी मुलगी. या खोट्या गोष्टीत जे गेलं ते तिचं गेलं. मागच्या हिवाळ्यात माझा आणखी एक सत्कार ठरला तेव्हा तिने नागपूरहून फोन केला आणि म्हणाली, "बाबा, मी येईन. पण ती आंजीची गोष्ट माझ्यासमोर पुन्हा झाली तर मी उठून जाईन. सांगायचीच असेल तर खरी सांगा."

मी म्हणालो, सांगतो. ते सांगणं कसं झालं ते पुढे येईलच. आधी मुळापासून सांगतो.

मी वर्ध्याला हायस्कुलात मराठी शिकवत होतो. माझा एक मित्र बँकेत होता आणि त्याला सिनेमाचं वेड होतं. डीव्हीडी नुकत्या निघाल्या होत्या त्या दिवसांत तो कुठून कुठून जगभरचे सिनेमे मिळवायचा. त्याच्या बैठकीत मी पहिला इराणी सिनेमा पाहिला तेव्हा अर्धा तास वैतागलो होतो. काही घडतच नव्हतं. एक पोरगं कुठलंसं फुटकळ काम घेऊन एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जात होतं, मोठी माणसं त्याला वाटेत अडवून आपापली कामं सांगत होती, आणि ते पुन्हा पुन्हा तेच वाक्य बोलत होतं. कुणी ऐकत नव्हतं. मग कधीतरी लक्षात आलं की मी पुढे सरकून बसलोय. त्या पोराचं ते काम मला माझ्या नोकरीपेक्षा महत्त्वाचं वाटायला लागलं होतं.

त्या सिनेमावाल्यांनी लहान मुलांना गोड केलं नाही. त्यांच्या तोंडी शहाणपण घातलं नाही. पोरगं हळू चालतं, तर कॅमेराही हळू चालतो. पोरगं वाट पाहतं, तर आपल्यालाही पाहायला लावतो. एवढंच. पण त्या एवढ्याशात इतकी माया असते की आपल्याला आपलीच लाज वाटते. हे मी नंतर शेकडो ठिकाणी बोललो. त्यातला "लाज वाटते" हा भाग मात्र फक्त बोललोच, हे आज कबूल करायला हवं.

मित्राच्या डोक्यात आलं की हे सिनेमे गावातल्या मुलांना दाखवायचे. त्याच्या ओळखीने एका कॉलेजचा प्रोजेक्टर मिळायचा. त्याची व्हॅन होती. आम्ही रविवारी निघायचो. हॉलच्या खिडक्यांवर घोंगड्या, ताडपत्र्या, मिळेल ते बांधायचं, भिंतीवर पांढरी चादर लावायची आणि दुपारच्या उकाड्यात सगळं गाव आत कोंबायचं. वीज गेली की बाहेर यायचं, आली की परत आत.

आणि लोकांचे प्रश्न! सिनेमा संपला रे संपला की कुणीतरी शिक्षक उठायचे. "सर, यातून बोध काय घ्यायचा?" अहो, एक मुलगी तासभर उन्हात बसली होती, ती तुम्हाला दिसली ना? "हो सर, पण मुलांना संदेश काय द्यायचा?" एका शाळेत तर मुख्याध्यापक पडद्यावरचं पोरगं पाहून ढसाढसा रडले. दिवे लागल्यावर त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि मागच्या रांगेत खुसफुस करणाऱ्या चार पोरांना तिथेच कोंबडा करून उभं केलं. मी मित्राकडे पाहिलं. तो म्हणाला, "चल, वायर गुंडाळ."

मला वाटायचं, मी त्या मुख्याध्यापकांसारखा नाही.

अडचण भाषेची होती. खालच्या इंग्रजी ओळी गावात कोण वाचणार? मी वाचून सांगायचा प्रयत्न करायचो, पण चष्मा लावून मी पहिली ओळ वाचेपर्यंत पडद्यावर तिसरी यायची. मग मी सिनेमा थांबवायचो, समजावून सांगायचो, पुन्हा सुरू करायचो. सिंदी रेल्वे या गावी असाच तिसऱ्यांदा थांबवला तेव्हा मागून एकजण ओरडला, "मास्तर, चालू द्या न बाप्पा! शाळेत बसलो का आमी?"

त्या दिवशी माझी मुलगी सोबत होती. अकरा वर्षांची असेल. बायको दवाखान्यात नोकरीला होती, रविवारी तिची ड्युटी असली की मुलीला मी घेऊन जायचो. मुलगी इंग्रजी शाळेत होती, त्यामुळे त्या ओळी ती सहज वाचायची. आणि शाळा सुटल्यावर ती शेजारच्या मावशींकडे असायची. त्या मावशींचं, त्यांच्या सुनांचं, गल्लीतल्या पोरांचं बोलणं ते सगळं वऱ्हाडी. घरी मी तिला सारखा टोकायचो. मले नाही, मला. काऊन नाही, का. मराठीच्या मास्तरच्या घरात हे चालायचं नाही, असं मला वाटायचं.

सिंदीला ती बायकांच्या घोळक्यात बसली होती. मी सिनेमा पुन्हा सुरू केला तर त्या कोपऱ्यातून हळू आवाज यायला लागला. ती शेजारच्या बाईला सांगत होती, पडद्यावर कोण काय बोलतंय. त्या बाईने तिच्या पलीकडच्या बाईला सांगितलं. थोड्या वेळाने एक म्हातारी उठून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "पोरीले माईक द्या न, मास्तर. तुमी बसा जरा. दमले असान."

मी माईक दिला.

तो हिवाळा आणि पुढचा उन्हाळा सगळीकडे तीच सांगत होती. ती स्टुलावर बसायची, माईक दोन्ही हातांनी धरायची आणि पडद्यावरून नजर हलवायची नाही. अभिनय नाही, आवाज बदलणं नाही. बाजूला बसून कुणी आपल्याला सांगतं तसं सांगायची. "बाप म्हनते, तू घरी जाय. थे म्हनते, नाई जात." फारसी आवाज मागे चालू राहायचा, वर तिचा. लोकांना काही वेळाने विसर पडायचा की ती पोरं परकी आहेत. मी मित्राला म्हणायचो, भाषा सुधारायला हवी हिची. मित्र म्हणायचा, "तू गप बस."

आता आंजी.

आंजीला आम्ही जो सिनेमा दाखवला त्यात एका मुलीचा बाप तिला मोठ्या रस्त्याच्या कडेला खरबुजांच्या ढिगाजवळ बसवून जातो. गाडी बंद पडलेली असते, तो दुसरा ट्रक आणायला जातो. जाताना सांगतो, इथून हलायचं नाही. बस, ती बसते. धूळ उडते. गाड्या जातात. कुणी थांबून भाव विचारतं, कुणी हसतं, एक म्हातारा तिच्याजवळ बसून आपलीच रडकथा सांगत राहतो. दिवस उतरतो. बाप येत नाही. शेवटची दोन मिनिटं सोडली तर एवढाच सिनेमा.

त्या दिवशी मुंबईहून तीन पाहुणे आले होते. फिल्म सोसायटीवाले. त्यांना कुणीतरी आमच्या उपक्रमाबद्दल सांगितलं होतं. त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्च्या मांडल्या, बाकी गाव सतरंजीवर. मी इस्त्रीचा सदरा घातला होता. मुलीला सकाळीच बजावलं होतं, आज नीट बोल, मोठी माणसं आहेत. ती म्हणाली, "नीटच बोलते न मी."

तिने सुरुवात केली. "इचा बाप गेला ट्रक आनाले. म्हने, इथून हालजो नको." पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मला घाम फुटला. तसा उकाडाही होताच.

सिनेमाच्या मध्यावर एक जागा आहे, जिथे कुणी बोलत नाही. खाली ओळ नाही, काही नाही. ती मुलगी नुसती उभी राहते, बसते, पाय जुळवते, परत उभी राहते, रस्त्याच्या पलीकडच्या दगडांकडे पाहते. मी तो सिनेमा आधी दोनदा पाहिला होता. मला वाटायचं, इथे दिग्दर्शकाने बालमनाची घालमेल दाखवली आहे. तसं टिपण मी करून ठेवलं होतं. माझी मुलगी तो सिनेमा पहिल्यांदाच पाहत होती. ती माईकमध्ये म्हणाली, "तिले मुताले लागली. पन डांगरं सोडून कशी जाईन?"

आमच्याकडे खरबुजाला डांगर म्हणतात.

हॉलमध्ये कुणीही हसलं नाही. हे मला आज शपथेवर सांगायचं आहे. बायकांच्या बाजूने एकदम आवाज उठला. "अवं माय! जा न वं." "कोनी नाई नेत तुहे डांगरं, जाय!" एक म्हातारी तर पडद्याला म्हणाली, "आमी हाओत न इथं, जाऊन ये तू." आणि बापाच्या नावाने बोटं मोडली गेली. "कसा बाप हाय मेला! लेकीले बसवून गेला."

पहिल्या रांगेतला एक पाहुणा वाकून दुसऱ्याच्या कानाशी काही बोलला. दोघांच्या चेहऱ्यावर हसू होतं. ते हसू कशाचं होतं ते मला आजही माहीत नाही. कौतुकाचं असेल. बहुतेक असेलच. पण मला दिसलं ते असं की वर्ध्याच्या मराठीच्या मास्तरची पोरगी माईकवर चारचौघांत मुताले म्हणाली आणि मुंबईचे लोक हसले.

मी उठलो, तिच्या हातातला माईक काढून घेतला. हिसकावला असंच म्हणायला हवं, कारण तिने दोन्ही हातांनी धरला होता. मी म्हणालो, "ही काही बोलायची भाषा आहे? जा, मागे जाऊन बस." माईक चालूच होता. सगळ्या गावाने ऐकलं.

ती मागे गेली. आणि मी पुढचा सिनेमा शुद्ध मराठीत सांगितला. "ही बालिका अस्वस्थ आहे. कर्तव्य आणि व्याकुळता यांच्या कात्रीत ती सापडली आहे." अशी माझी वाक्यं. बायकांचा गलका थांबला. पोरं चुळबुळ करायला लागली. शेवटी बाप ट्रक घेऊन येतो, माणसं ढीग उपसायला लागतात आणि ती मुलगी काही न बोलता दगडांकडे धूम पळत सुटते, बापाला वाटतं ही रुसून पळाली, तो हाका मारतो, आणि ट्रक तसाच धडधडत उभा. तिथे सिनेमा संपतो. तिथेही मी भाषण केलं. दिवे लागले. कुणी काही बोललं नाही. लोक मास्तर रागावलेल्या वर्गासारखे उठले आणि चपला शोधायला लागले.

ही आंजीची शांतता.

पाहुण्यांपैकी एकाने नंतर रविवारच्या पुरवणीत लेख लिहिला. गाव कसं स्तब्ध झालं, शब्दच उरले नाहीत, वगैरे. ते कात्रण मी जपून ठेवलं. कुणी विचारलं की मी ते काढून दाखवायचो. बायको एकदा म्हणाली, "लोक गप्प होते ते तुम्ही पोरीवर खेकसले म्हणून. एवढंही कळू नये?" मी म्हणालो, "तू तिथे होतीस का?" ती म्हणाली, "नव्हते. पण घरी असते न मी रोज."

घरी परत येताना मुलगी व्हॅनमध्ये झोपली. मला वाटलं, रडून रडून झोपली.

पुढच्या महिन्यात तोच सिनेमा घेऊन आम्ही कारंजा घाडग्याला गेलो. मी एकट्यानेच सांगायचं ठरवलं होतं. शुद्ध मराठीत सुरू केलं आणि पंधरा मिनिटांत अर्धा हॉल बाहेर चहाच्या टपरीवर. ट्रकवाले, धाब्यावरची पोरं, त्यांना कसली कर्तव्य आणि व्याकुळता! मित्राने मागून ढोसलं. मग मी तोंड उघडलं आणि त्यातून माझ्या मुलीची वाक्यं निघायला लागली. "इचा बाप गेला ट्रक आनाले." जशीच्या तशी. लोक परत आत आले. आणि ती जागा आली तेव्हा मी क्षणभर थांबलो, डोळे मिचकावले आणि म्हणालो, "तिले मुताले लागली!"

हॉल कोसळला हसून.

त्या हशाची मला चटक लागली, दुसरा शब्द नाही. त्यानंतर कित्येक वर्षं मी तो सिनेमा आणि तसले आणखी पाच-सात सिनेमे गावोगाव केले. इराणी पोरांना वऱ्हाडी बोलायला लावणारा माणूस म्हणून माझं नाव झालं. मी आवाज काढायचो. म्हाताऱ्याचा, बापाचा, पोरीचा बारीक आवाज. वऱ्हाडी बोललं की शहरातली माणसं हसायला तयारच असतात, हे मला कळलं होतं आणि मी त्याचा धंदा केला. नागपूर, पुणे, सगळीकडे बोलावणी. शेवटी कुठूनतरी लोकांनी कारंज्याची वऱ्हाडी आणि आंजीची शांतता जोडून एकच गोष्ट केली, आणि मी ती दुरुस्त केली नाही. ती जास्त चांगली होती.

पण फरक सांगतो. माझी मुलगी सांगायची तेव्हा लोकांना त्या पोरीची काळजी वाटायची. मी सांगायला लागलो तेव्हा लोकांना तिचं हसू यायला लागलं. सिनेमा तोच. वाक्य तेच. त्या इराणी माणसाने एका लहान मुलीला हसण्यावारी नेलं जाऊ नये म्हणून केवढी खटपट केली असेल, आणि मी त्याची तासाभरात नक्कल करून टाकायचो. आणि वर शेवटी भाषण, की आपण मुलांचं ऐकायला शिकलं पाहिजे. चीड येते, दुसरं काय.

मुलीबद्दल कुणी विचारलं तर मी सांगायचो, तिला पुढे गोडी राहिली नाही. अभ्यास, मैत्रिणी. मुलांचं असंच असतं.

तर सत्कार. हॉल भरलेला. मुलगी नागपूरहून आली होती, दुसऱ्या रांगेत आईजवळ बसली होती. मी सूत्रसंचालकाला आधीच गाठून सांगितलं होतं, बाबा रे, आंजी घेऊ नकोस. तो म्हणाला, "हो सर, हो सर." आणि माईक हातात आल्यावर पाचव्या मिनिटाला त्याचा आवाज खाली गेला. निःशब्द. टाळ्या. मी मुलीकडे पाहिलं. ती पर्स उचलत होती.

मी उठलो. माझी पाळी यायची होती, तरी उठलो आणि म्हणालो, थांबा, हे चूक आहे. आणि सगळं सांगितलं. सिंदी, स्टूल, दोन्ही हातांनी धरलेला माईक, आंजी, मी हिसकावला तो, सगळं. एकही गोष्ट लपवली नाही. मुलगी परत बसली.

आणि लोक काय करत होते? हसत होते. मधे मधे टाळ्या देत होते. संपल्यावर उभे राहिले. अध्यक्षांनी समारोपात सांगितलं की, मोठी माणसं अशी असतात, आपलं श्रेयही लेकीला देऊन मोकळी होतात, हा विनय आजच्या पिढीने शिकावा. मी बसल्या जागेवरून म्हणालो, "अहो, विनय नाही हो, खरं आहे." त्यावर आणखी हशा. मग त्यांना हुक्की आली, ताईंनाही बोलवा. तिला वर बोलावलं, तिच्या हातात गुच्छ दिला, दोन शब्द बोला म्हणाले. ती म्हणाली, "मले काई नाई बोलाचं." त्यावर तर लोक खुर्च्यांवर हात आपटून हसले. बापावर गेली म्हणाले!

घरी आल्यावर मी चिडून येरझाऱ्या घालत होतो. "मूर्ख आहेत सगळे! एवढं खरं सांगितलं तर ह्यांना विनय दिसतो. डोकी आहेत की काय आहेत!" बायको कुकर लावत होती. मुलगी ओट्याला टेकून उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "त्यांची काय चूक आहे? तुम्ही हसवत सांगितलं."

"मी? मी कधी हसवलं?"

"माझा आवाज काढला तुम्ही. बारीक. तिले मुताले लागली, म्हणताना डोळे मिचकावले."

"शक्यच नाही."

"मिचकावले," बायको कुकरकडे बघतच म्हणाली. "मी पाहिले."

मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण त्या दोघी खोटं बोलणाऱ्या नाहीत. इतकी वर्षं केलेला कार्यक्रम अंगात इतका मुरला होता की कबुलीसुद्धा त्याच चालीवर निघाली. मुलगी म्हणाली, "लिहा तुम्ही. लिहिताना तुम्हाला लोकांचे चेहरे दिसत नाहीत. तेव्हा बरे असता तुम्ही."

म्हणून हे लिहिलं. डोळ्यांनी नीट दिसत नाही, तरी लिहिलं. मधल्या काळात एका गावाहून फोन आला की सर, तुम्ही आणि ताई दोघांचा मिळून कार्यक्रम करू, फारच रंगेल. मी त्या माणसाला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिला मसुदा मी मुलीला पाठवला. तिने दोन दिवसांनी फोन केला. म्हणाली, ठीक आहे, पण एक चूक आहे, तेवढी काढा.

"कोणती?"

"व्हॅनमध्ये मी रडून झोपले असं तुम्ही लिहिलंय. मी नव्हते रडले."

मी म्हणालो, अगं, तुला तेव्हा केवढं वाईट वाटलं असेल, तू लहान होतीस, तुला आता आठवत नसेल.

"बाबा, ऐकून घ्या न जरा." ती म्हणाली, "मी मागे गेले तिथे पोरी होत्या. त्यांना तुमचं काही कळून नव्हतं राह्यलं. मग मी त्यांना हळूहळू सांगितलं. शेवटपर्यंत. दमले म्हणून झोपले."

इतकी वर्षं मी जो अपराध छातीशी धरून बसलो होतो तोही मी नीट पाहिला नव्हता. मला वाटत होतं, मी तिचं तोंड बंद केलं. ती तर बोलत होती. मीच तिकडे पाहिलं नाही.

"मग तू कारंज्याला का नाही आलीस?" मी विचारलं.

"तुम्ही म्हटलंच नाही न."

"म्हणजे?"

"मी तयार होऊन बसले होते, बाबा. वेणी घातली होती आईने. तुम्ही व्हॅनमध्ये बसले आणि गेले."

फोन स्पीकरवर होता, मागे बायको ऐकत असावी, कारण ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "बसली होती. ओसरीवर." एवढंच, आणि नळ सोडला.

मुलगी अजून फोनवर होती. मी तिला विचारलं, तयार होऊन बसले होते हे तुझं वाक्य लेखात घालू का? ती म्हणाली, घाला, पण जसं बोलले तसंच घाला, सुधारू नका. मी ते तसंच घातलं आहे. ज्यांनी माझ्या सत्काराला टाळ्या वाजवल्या त्यांनी आंजीऐवजी आता हे सांगावं. तिला गोडी राहिली नाही हे मी सगळ्यांना सांगितलं, ते खोटं होतं. तिला कुणी पुन्हा विचारलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.